त्या एप्रिलच्या हवेचा हिशेब

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या चेंबूरच्या इमारतीच्या गच्चीवरून खाडीपलीकडचा पारसिकचा डोंगर इतका लख्ख दिसायचा, की वाटे हात लांबवला तर लागेल. एरवी त्या दिशेला राखाडी पडदा असतो. संध्याकाळी तासभर गच्चीवर फिरणं हीच त्या दिवसांतली आमची चैन होती. वर निळं आकाश, खाली सायन-पनवेल मार्ग सुनसान. आणि तरीही वारा माहुलच्या बाजूने फिरला की तो ओळखीचा वास यायचाच, कधी सडक्या अंड्यांसारखा, कधी रॉकेलसारखा. शहर बंद होतं, पण तेलशुद्धीकरण, खत, वीज हे सगळं अत्यावश्यक सेवांत मोडत होतं, त्यामुळे तिकडची धुराडी थांबलेली नव्हती. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता वेगळी आणि फुफ्फुसात जाणारी हवा वेगळी, हे मला त्या गच्चीवर उमगलं. इतकी वर्षं इथे राहूनही ते इतकं नीट कळलं नव्हतं.

त्याच दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलवर फोटो येत होते. जालंधरच्या घरांच्या गच्च्यांवरून धौलाधारची बर्फाळ रांग दिसू लागली होती. नवी मुंबईच्या खाडीकिनारी रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरले होते. (ते दरवर्षीच येतात, मे अखेरपर्यंत राहतात. त्या वर्षी आपण घरी होतो म्हणून आपलं लक्ष गेलं, हेही त्यात होतं.) फोटोखाली बहुतेक वेळा एकच वाक्य असायचं: माणूस घरात बसला आणि निसर्गाने मोकळा श्वास घेतला. ते वाक्य मीही पुढे पाठवलं आहे. आज मला ते चुकीचं वाटतं. नुसतं भाबडं म्हणून सोडून देण्यासारखंही ते नाही. हवा सुधारायची म्हणजे काहीतरी बंद करायचं, ही आपल्या प्रशासनाची आधीपासूनची सवय त्या वाक्याने पक्की केली, आणि तिची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

आधी आकड्यांकडे वळू. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला तरी हवा मोजणारी स्वयंचलित यंत्रं चालू होती. दिल्लीत पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसांच्या तळाशी जाऊन बसणारे सर्वांत बारीक धूलिकण, टाळेबंदीच्या आधीच्या आठवड्यांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. नायट्रोजन डायऑक्साइडची घट त्याहूनही ठळक होती. हा वायू शहरात मुख्यतः गाड्यांच्या सायलेन्सरमधून येतो, त्यामुळे रस्ता रिकामा झाला की सर्वांत आधी तोच उतरतो. वुहानमध्ये २३ जानेवारीला टाळेबंदी लागल्यावर उपग्रहाच्या नकाशांवर हेच दिसलं होतं. लाल डाग काही आठवड्यांत फिके पडले होते.

पण निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं? हा प्रश्न त्या वेळी फार कमी जणांनी विचारला. हिवाळ्यात हवेचा खालचा थर थंड आणि जड असतो. पहाटे मुंबईत मतलई वारे मंद असतात आणि शहराचा धूर शहरावरच झाकणासारखा बसतो. मार्च संपता संपता जमीन तापते, हवा वर चढते, धूर मोठ्या उंचीपर्यंत पसरून विरळ होतो आणि दुपारचे खारे वारे उरलेला झाडून नेतात. म्हणजे टाळेबंदी झाली नसती तरी एप्रिलची हवा जानेवारीपेक्षा बरी असणारच होती. फेब्रुवारीच्या आकड्याशेजारी एप्रिलचा आकडा ठेवून काढलेली टक्केवारी अर्धवट असते. त्यात ऋतूचं श्रेय टाळेबंदीच्या खात्यावर जमा होतं.

हा ऋतूचा हिस्सा वजा करण्याचं काम पुढे संशोधकांनी केलं. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२१ च्या जानेवारीत आलेल्या एका अभ्यासात बीजिंग, वुहान, मिलान, रोम, माद्रिद, लंडन, पॅरिस, बर्लिन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि दिल्ली अशी अकरा शहरं घेतली होती. हवामानाचा परिणाम बाजूला काढल्यावर नायट्रोजन डायऑक्साइडची घट खरी ठरली, पण सुरुवातीला वाटली त्यापेक्षा लहान निघाली. ओझोन सगळीकडे वाढलेला आढळला. बारीक धूलिकण बहुतेक शहरांत कमी झाले, लंडन आणि पॅरिसमध्ये तेही झाले नाहीत.

ओझोन वाढला, यावर थांबायला हवं, कारण इथे आपली साधी समजूत मोडते. वर, फार वर असणारा ओझोन आपलं रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र दम्याच्या रुग्णाच्या छातीत घट्ट बसतो. तो कुठल्याही धुराड्यातून थेट येत नाही. सायलेन्सरमधले नायट्रोजनचे वायू आणि पेट्रोल, रंग, रसायनं यांची बाष्पं कडक उन्हात एकत्र आली की तो हवेतच तयार होतो. गाडीतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड मात्र ओझोनला खातो. म्हणून भर चौकात ओझोन कमी असतो आणि शहराबाहेर, झाडीत, जास्त. गाड्या अचानक थांबल्या तेव्हा ओझोन खाणारा वायू गेला, पण बाष्पं आणि ऊन राहिलं. एक गोष्ट कमी केली म्हणून हवा सगळ्या बाजूंनी सुधारत नाही. कुठला घटक किती आणि कशाच्या प्रमाणात कमी केला, यावर सगळं अवलंबून असतं.

बीजिंगचा अनुभव तर आणखी बोलका आहे. २०२० च्या फेब्रुवारीत चीनमधली वाहतूक आणि बरेचसे उद्योग ठप्प असताना त्या शहरावर दाट धुरकं उतरलं. वारा पडला होता, दमट हवा साचली होती आणि वाढलेल्या ओझोनमुळे हवेतल्या वायूंपासून नवे धूलिकण वेगाने बनत होते. अवजड उद्योग आणि वीज केंद्रं पूर्ण बंद नव्हतीच. रस्ते रिकामे आणि समोरची इमारत दिसत नाही, अशी ती अवस्था होती.

आणि आपल्याकडे? देशाच्या इतिहासातली सर्वांत कडक टाळेबंदी चालू असताना दिल्लीचं पीएम २.५ घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास घोटाळत होतं. भारताच्या मानकांनुसार दिवसाची मर्यादा ६० आहे, म्हणून आपण त्याला चांगली हवा म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा त्या वेळी २५ होती, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ती १५ झाली. विमानं जमिनीवर, गाड्या घरात, बांधकामं बंद, आणि तरी मर्यादेच्या दीडपट, आजच्या मापाने अडीचपटीहून जास्त. त्या एप्रिलमधला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा हाच आहे. किती कमी झालं, याचीच चर्चा सगळ्यांनी केली. काय उरलं, याची यादी मात्र शांतपणे हातात पडली होती.

त्या यादीत पहिली चूल. देशातल्या बारीक धूलिकणांचा मोठा वाटा लाकूड, शेणी आणि काटक्यांवर होणाऱ्या स्वयंपाकातून येतो, आणि लोक घरी असले की चूल थांबत नाही. एप्रिल ते जून या तीन महिन्यांसाठी उज्ज्वला योजनेतल्या कुटुंबांना मोफत सिलिंडर देण्याचा निर्णय झाला. मदत म्हणून दिलेला तो सिलिंडर हवेसाठीही चांगला निर्णय होता, पण तसं कुणी म्हटलं नाही. दुसरी वीज. एप्रिल २०२० मध्ये देशातली विजेची मागणी पाचव्या हिश्शाहून अधिक घसरली आणि कोळशावरच्या केंद्रांनी उत्पादन कमी केलं, पण ती विझली नाहीत. त्यांच्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड हवेत शेकडो किलोमीटर जाता जाता सल्फेटचे कण बनतो. चंद्रपूरसारख्या ठिकाणी २९२० मेगावॅटच्या केंद्राच्या सावलीत राहणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको. तिसरी गोष्ट कचऱ्याचा धूर, उघड्यावर जाळलेला. आणि चौथी आमच्या माहुलसारखी ठिकाणं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल, आंबापाडा परिसरातल्या रासायनिक बाष्पांबद्दल चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरायला सांगितले. टाळेबंदीतल्या संध्याकाळी गच्चीवर आलेला वास आमच्या मनाचा खेळ नव्हता.

किमतीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे नेणं मला अप्रामाणिक वाटतं. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडपाशी रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसं मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी चालत निघाली होती. जालना शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे तिथली हवा देशाच्या मानकांतही बसत नाही. भट्टीच्या धुराच्या सर्वांत जवळ उभे राहणारे हेच लोक होते, आणि भट्टी थांबली तेव्हा मजुरीही यांचीच गेली. पारसिकचा डोंगर मला स्पष्ट दिसत होता तो याच महिन्यांत. ही दोन दृश्यं वेगवेगळी ठेवून त्या हवेबद्दल बोलता येत नाही. बंद करून मिळवलेल्या स्वच्छ हवेचा भार सर्वांत आधी रोजंदारीवरच्या माणसावर पडतो, आणि धुरात त्याचा वाटा सर्वांत कमी असतो.

आता गेल्या काही वर्षांत आपण काय केलं ते बघा. दिल्लीत दर हिवाळ्यात टप्प्याटप्प्याने निर्बंध लागतात: आज बांधकाम बंद, उद्या ट्रक बंद, परवा शाळा बंद. नोव्हेंबर २०२० मध्ये व्यवहार अजून पुरते सुरू व्हायचे होते, तरी दिल्लीची हवा पुन्हा 'गंभीर' श्रेणीत गेली. शेतांत पिकांचे खुंट जाळल्याचा धूर होता, वारा पडला होता, आणि एप्रिलची पुण्याई काही उरली नव्हती. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात हवा बिघडली तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने सत्तावीस कलमी मार्गदर्शक सूचना काढल्या. उंच पत्रे, हिरवी कापडं, पाण्याचे फवारे. सूचना वाईट नव्हत्या. बांधकामाची धूळ मुंबईत खरोखर मोठा प्रश्न आहे आणि ती झाकायलाच हवी. पण २०२४ च्या डिसेंबर अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्वेतली सगळी बांधकामं एकदम थांबवण्याची वेळ आली, म्हणजे वर्षभर त्या सूचना पुरेशा पाळल्याच गेल्या नव्हत्या. नियम मोडणारा विकासक आणि नियम पाळणारा विकासक दोघांनाही एकच शिक्षा झाली, आणि दोघांकडच्या बिगाऱ्यांची रोजी बुडाली. वारा सुटला, निर्देशांक उतरला, कामं पुन्हा सुरू झाली. हे टाळेबंदीचंच छोटं रूप आहे.

पैशाची दिशा पाहिली तर तेच दिसतं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ च्या जानेवारीत सुरू झाला, आज त्यात शंभराहून अधिक शहरं आहेत. त्यातल्या खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग रस्त्यावरच्या धुळीवर गेला आहे: झाडणारी यंत्रं, पाण्याचे टँकर, रस्त्यांचं काँक्रिटीकरण. शहरांची प्रगतीही जाड धूलिकण, म्हणजे पीएम १०, किती उतरले यावरच मोजली जाते. जाड धूळ डोळ्यांना दिसते, फवारा मारला की खाली बसते, फोटो चांगला येतो. रक्तात उतरणारे बारीक कण जळण्यातून येतात, फवाऱ्याने बसत नाहीत. टाळेबंदीच्या महिन्यांनी जळण्याचा वाटा किती मोठा आहे हे दाखवलं होतं, आणि आपण पाण्याचे टँकर घेतले.

मला पुन्हा पुन्हा आठवतो तो १ एप्रिल २०२०. त्या दिवशी देशभरात बीएस-६ इंधन आणि वाहनांची मानकं लागू झाली. बीएस-४ वरून आपण थेट सहावर गेलो, मधली पायरी गाळली. पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आलं. तेलशुद्धीकरण कारखान्यांना त्यासाठी मोठी गुंतवणूक करावी लागली, वाहन उद्योगाने मुदत वाढवून मागितली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच ठणकावलं होतं की या तारखेनंतर जुन्या मानकाची गाडी विकली जाणार नाही. टाळेबंदीच्या आठव्या दिवशी हे घडलं आणि आपण सगळे निळ्या आकाशाचे फोटो पाहत होतो. ते आकाश जूनमध्ये गेलं. बीएस-६ राहिलं. तुम्ही आज पंपावर जे भरता त्यात ते आहे. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला जुन्या गाड्या रस्त्यावरून जाईपर्यंत दहा-पंधरा वर्षं लागतील, पण तो होणार आहे, आणि त्यासाठी कुणालाही रुळांवरून चालत गावी जावं लागलं नाही.

अशी उदाहरणं आपल्याच शहरात आहेत. धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयाने व्ही. एम. लाल समिती नेमली, २००० साली तिचा अहवाल आला आणि पुढच्या काही वर्षांत काळी-पिवळी टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर आल्या. नव्वदच्या दशकात दादर टीटीला उभं राहिलं की रुमाल काळा व्हायचा, हे माझ्या पिढीला आठवतं. टॅक्सीवाल्यांचा विरोध होता, गॅस भरायला रांगा लागायच्या, त्रास झाला. पण टॅक्सी बंद पडल्या नाहीत, त्यांचं इंधन बदललं.

उलटी उदाहरणंही समोर आहेत. कोळशाच्या वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, दोन वर्षांत पाळायची म्हणून. मुदत पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट मिळाली. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी आहे, खर्च फार आहे, वीज महाग होईल, अशी कारणं दिली जातात. खर्चाचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, वीजबिल मलाही येतं. पण हा खर्च टळत नाही, तो फक्त वीजबिलातून निघून दवाखान्याच्या बिलात जातो, तेही केंद्राजवळच्या गावांतल्या आणि वाऱ्याच्या वाटेवरच्या शहरांतल्या लोकांच्या. टाळेबंदीत उरलेल्या यादीतली दुसरी ओळ आपण जाणूनबुजून तशीच ठेवली.

काही मित्र म्हणतात, घरून काम तर टिकलं ना, त्याने गाड्या कमी झाल्या. काही प्रमाणात खरं आहे, आणि ज्यांना ते शक्य आहे त्यांनी करावं. पण घरून भाजी विकता येत नाही, घरून रुग्णाला सलाइन लावता येत नाही. शहरात बहुसंख्यांचं काम हातापायांचं आहे आणि त्यांना पोचायला वाहन लागतं. २०२० नंतर मुंबईत नोंदलेल्या वाहनांची संख्या ४० लाखांपलीकडे गेली, त्यात दुचाकी सर्वाधिक. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून अधिक बस होत्या, आता तीन हजारही नाहीत. मे २०२५ पासून किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं. लोक दुचाकी हौसेने घेत नाहीत. बस येत नाही म्हणून घेतात. पुण्याने २००६ मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका देऊन बीआरटी सुरू केली होती. नगर रस्त्यावरची ती पुढे उखडून टाकली, मोटारींना जागा हवी म्हणून.

आमच्या मजल्यावर परळच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या एक सिस्टर राहतात. टाळेबंदीत लोकल बंद होत्या, त्यांच्यासाठी अत्यावश्यक सेवेची बस होती. एरवी तासभर घेणारा चेंबूर ते परळ हा प्रवास तेव्हा पंचवीस मिनिटांत व्हायचा. रात्रपाळी करून त्या सकाळी घरी येत, दारात चपला काढताना मास्कमागून सांगत, ''आज बावीस मिनिटांत आले.'' बस तीच, चालक तेच, रस्ता तोच. फक्त पुढे गाड्या नव्हत्या. सायनपासून परळपर्यंतच्या आंबेडकर मार्गावर एक मार्गिका फक्त बससाठी राखायची ठरवली, तर त्या बसपुढच्या गाड्या आजही हटतील. रंगाचा एक पट्टा, एक कॅमेरा आणि तो पट्टा ओलांडणाऱ्याला न चुकता दंड, इतकंच त्याला लागतं. बाकी सगळं शहर चालू राहील.